सावद्यातली मोटरहोम आणि मधली जागा

नाशिकहून सकाळी निघालो तेव्हा मी गाडी चालवत होते आणि माझा नवरा, दिलीप, मागच्या सीटवर गुडघे मुडपून आडवा होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तो उभा राहतो, चालतो, झोपतो. बसणं मात्र अर्ध्या तासापलीकडे जमत नाही. मोटारीची मागची सीट त्याच्या उंचीला पुरत नाही. त्यामुळे थोडं अंतर गेलं की एखादा ढाबा पाहायचा, चहा मागवायचा आणि ढाब्याच्या बाजेवर त्याने पाठ सरळ करायची. असा प्रवास कुणी हौसेने करत नाही. आम्हीही दोन वर्षं नाशिक सोडलं नव्हतं.

आता निघण्याचं कारण होतं एक जुनी मोटरहोम. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी असलेली गाडी. नवी परवडणार नव्हती, आणि जुनी कशी पारखायची हे आमच्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हतं. मी महिनाभर वाचून आणि दोन गॅरेजवाल्यांचं डोकं खाऊन काय काय तपासायचं ते लिहून काढलं. तळाशी लाल शाईने एक नियम लिहिला: आतली जमीन पायाखाली मऊ लागली, तर गाडी घ्यायची नाही. छतातून झिरपलेलं पाणी शेवटी तळाच्या प्लायवुडमध्ये मुरतं. ते कुजलं की भिंतीही गेल्या समजायच्या. मैत्रिणी म्हणतात, तू भाजी घेतानाही मेथीची मुलाखत घेतेस. घेते.

धुळ्यात सुरतेकडे जाणारा रस्ता लागतो. दिलीपने मान उचलून पाटी वाचली. ‘साक्री,’ तो म्हणाला आणि परत आडवा झाला. साक्रीच्या पुढे पिंपळनेर. बँकेतली त्याची पहिली नेमणूक तिथली. त्या काळचा त्याचा मित्र हिरामण दर दिवाळीला फोन करून विचारतो, ‘यंदा तरी येस का नही?’ (येतोस की नाही?) दिलीप दोन वर्षं ‘बघू’ म्हणतो आहे.

पहिली गाडी धुळ्याबाहेर हमरस्त्याला लागून एका दलालाच्या मोकळ्या जागेत उभी होती. लांबून फारच देखणी. दलालाने हात पसरून स्वागत केलं. ‘या ताई, या. बठ्ठं तयार शे.’ (सगळं तयार आहे.)

मी आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जो आवाज आणि धूर काढतं, त्यावरून त्याची तब्येत कळते. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन काही सांगत नाही.

‘सकाळीच फिरवून आणलीत का?’

‘थंडी शे ना ताई. गाडीले बी शेकोटी लागस.’

दिलीप हसला. मीही हसले आणि आरसी बुक मागितलं. कागदावर ती अजून प्रवासी गाडीच होती. पलंग, ओटा, गॅस यांची कुठे नोंदच नव्हती. असा बदल नोंदवलेला नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. दलाल म्हणाला, ‘कागद काय, व्हई जातस.’ (होऊन जातात.) मी म्हटलं, झाले की फोन करा. आत पाऊलही न ठेवता आम्ही निघालो. पारोळ्याजवळच्या ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. ती इतकी तिखट होती की दिलीप पाठ विसरला. जळगावला मुक्काम केला.

दुसरी गाडी सावद्याला होती. मालक प्रमोदभाऊ, केळीचे व्यापारी. त्यांना मी आदल्या संध्याकाळीच फोन करून बजावलं होतं की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. ‘नाही करत बाप्पा,’ ते म्हणाले होते, ‘हातसुद्धा लावत नाही.’

भुसावळ सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात आणि मग दुसरं काही दिसतच नाही. सावद्यात ट्रक भरले जात होते. माणसं खांद्यावर घड घेऊन फळीवरून चढत होती. प्रमोदभाऊंचं घर विचारल्यावर एकाने घड न उतरवताच सांगितलं, ‘बंगला उभा आहे तेच घर.’ त्यांचं घर बैठं होतं. बंगला म्हणजे ती गाडी. गावात तिला सगळे बंगलाच म्हणतात.

गाडी पाच वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने बांधून घेतली होती. आता एक भाऊ सुरतेला, एक भुसावळला; एकत्र फिरणं संपलं, म्हणून विकायची. ओट्यावर (घरापुढच्या चौथऱ्यावर) त्यांची आई बसली होती. सगळे तिला अक्का म्हणत. आमच्याकडे पाहत ती शेंगा फोडत होती.

बॉनेट थंडगार होतं. इंजिन एका दमात सुरू झालं, धूर साधा. आरसी बुकात गाडीचा प्रकार बरोबर नोंदलेला होता आणि चॅसीवरचा नंबर जुळत होता. मग मी वाटीत साबणाचा फेस करून गॅसच्या नळीच्या प्रत्येक जोडावर लावला. गळती असेल तर फेसाला बुडबुडे येतात.

‘ताई, गाडीची दाढी करता का?’ प्रमोदभाऊंनी विचारलं.

बुडबुडे आले नाहीत. सगळं इतकं ठीक चाललं होतं की मला संशय येऊ लागला होता. मी चपला काढून आतली जमीन अनवाणी चालून पाहिली. दाराजवळ टणक. ओट्यापाशी टणक. बरोबर मध्यभागी पाऊल ठेवलं आणि ते अर्धं बोट खाली गेलं.

मी परत पाऊल ठेवलं. परत गेलं.

‘इथे पाणी मुरलंय, भाऊ.’

‘पाणी नाही ताई. बिलकूल नाही.’

‘मग काय आहे?’

प्रमोदभाऊंनी टायरकडे पाहिलं. मग ओट्यावरच्या अक्काकडे पाहिलं. माझ्या लेखी तेच उत्तर होतं. दिलीप गाडीबाहेर कमरेवर हात ठेवून उभा होता. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं, कारण तो आमच्या मोटारीकडे चालू लागला.

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. ‘सांग ना रे खरं! लाजतं काय? पाणी नाही न् बिणी नाही. म्या भरीत कुटलं तठी!’ (तिथे!)

खानदेशात हिवाळा म्हणजे भरताची वांगी. शेतात कपाशीच्या काड्यांवर ती भाजायची आणि बडगीत, म्हणजे लाकडाच्या लांबट उखळात, मुसळाने कुटायची. घरातली सगळी माणसं, पाहुणे, शेजारी जेवायला. अशाच एका दिवशी वांगी भाजून झाली आणि अवकाळी पाऊस आला.

‘मानसं जेवाले बसेल (बसलेली), वरून पानी,’ अक्का म्हणाली. ‘बडगी काय डोक्यावर धरू? घेतली बंगल्यात न् कुटलं.’

‘एकदाच?’ मी विचारलं.

‘एकदा जमलं तं मंग दरसाल तठीच कुटलं,’ प्रमोदभाऊ खाली मान घालून म्हणाले. ‘चिखल नाही, धूळ नाही. तिले लय आवडलं.’

गोष्ट चांगली होती. पण चांगल्या गोष्टी धुळ्याच्या दलालाकडेही होत्या. मी दोन मागण्या केल्या. केळीचे घड धुवायचा मोठा पाइप त्यांच्या अंगणात होता. तो छतावर मारायला लावला. बराच वेळ पाणी पडत होतं आणि मी आत बसून कोपऱ्याकोपऱ्याला टिशू कागद दाबत होते. सगळे कोरडे निघाले. मग जमिनीवरचं रबरी आच्छादन उचकटायला सांगितलं. प्रमोदभाऊंनी कुरकुर न करता सुरीने कापलं.

कुजलेलं लाकूड काळं पडतं आणि त्याला वास येतो. इथलं प्लायवुड पांढरं, खडखडीत कोरडं होतं. मध्ये बडगीच्या आकाराचा लांबट खळगा, त्यात आडव्या चिरा, आणि चिरांमध्ये वाळून बसलेल्या वांग्याच्या बिया. अक्का खरं बोलत होती. नियम लिहिताना मी पाण्याचा विचार केला होता, मुसळाचा नाही.

राहिला रस्ता. सावद्याहून खिरोद्यावरून पालला जायचं ठरलं. पाल सातपुड्यात आहे, म्हणजे चढही मिळतो आणि खड्डेही. खळग्यावर प्रमोदभाऊंनी तात्पुरती फळी टाकली. दिलीप मागच्या पलंगावर झोपला. आम्ही निघणार तोच अक्का काठी टेकत दारात आली.

‘विकाले चालली का फिराले? फिराले असन (असेल) तं मी बी येते.’

कुणाची परवानगी न घेता तिने त्या फळीवर, बरोबर मध्यभागी, गादी अंथरली आणि बसली. ती तिची नेहमीची जागा होती.

चढाला गाडी उत्तम. ब्रेक चांगले. केळी मागे पडली, साग सुरू झाला, हवा गार झाली. प्रमोदभाऊ चालवत होते; मी पुढे बसून हे सगळं टिपत होते आणि प्रत्येक खड्ड्याला मागे वळून पाहत होते. मागचा पलंग मागच्या चाकांच्याही पलीकडे होता. खड्डा आला की गाडीचा तो भाग झोपाळ्यासारखा उडायचा आणि दिलीप त्याच्याबरोबर.

‘कसं वाटतंय?’

‘ठीक आहे,’ तो म्हणाला.

दिलीप ठीक असतो तेव्हा काहीच म्हणत नाही.

पालला पोचल्यावर तो हळूहळू उतरला आणि एका झाडाला पाठ टेकून उभा राहिला. ओठ पांढरे पडले होते. एक पावरा आदिवासी बाई टोपलीत आवळे विकत होती. मी आवळे घेतले, कारण काहीतरी करायला हवं होतं. कागद बरोबर, इंजिन बरोबर, गॅस बरोबर, छत कोरडं; आणि ज्याच्यासाठी गाडी घ्यायची त्यालाच ती सोसत नव्हती. पलंग कुठे आहे हे मी पाहिलं होतं. तिथे झोपल्यावर काय होतं हे विचारात घेतलं नव्हतं. प्रमोदभाऊंना नाही कसं म्हणायचं ते मी मनात जुळवू लागले.

परत चढताना दिलीप मागे जायला लागला, तेव्हा अक्काने काठी आडवी धरली.

‘भाऊ, मागं कशाले झोपता? मागं गोण्या ठेवता (ठेवतात).’ ती गादीवरून उठली. ‘इथी (इथे) पडा. ही माही जागा आहे. आज तुमाले दिली.’

‘अक्का, तुम्ही कुठे बसाल?’

‘मी पुढं बसते, तुमच्या बायकोजवय. थोडी दाढी माही बी करन ती.’

दिलीप गादीवर आडवा झाला. घाट उतरलो. मी मागे पाहिलं तर त्याचे डोळे मिटलेले होते. आणखी पुढे गेल्यावर पाहिलं, तर तोंड उघडं होतं. तो झोपला होता. प्रमोदभाऊ मात्र खड्डे चुकवत, अगदी अलगद चालवत होते.

‘मघाच्याच वेगाने घ्या,’ मी म्हटलं.

‘ताई, माणूस झोपेल आहे.’

‘म्हणूनच.’

त्यांनी मघाच्या वेगाने घेतली. खिरोद्याच्या अलीकडच्या मोठ्या खड्ड्यात ओट्यावरचा पेला पडून घरंगळत दारापर्यंत गेला. दिलीपने कूस बदलली, इतकंच.

सावद्यात मी टेप काढून मधल्या जागेचं माप घेतलं. तळाचं प्लायवुड प्रमोदभाऊ बदलून देणार, आणि नव्या प्लायवुडवर मध्यभागी, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, चॅसीला बोल्टने धरलेला, पट्ट्यांसहित पलंग आम्ही बसवून घेणार. इसार दिला. मग अंगणात भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) जेवलो. भरीत कुटलं होतं त्याच बडगीत. बडगी या वेळी जमिनीवर होती.

‘दरसाल बंगला घेऊन भरताले या,’ अक्का म्हणाली.

‘येऊ. पण आता मध्ये पलंग येणार, अक्का. पाऊस आला तर कुटाल कुठे?’

‘पलंगावर,’ ती म्हणाली.

परतीचा प्रवास जाण्याइतकाच त्रासाचा झाला. मोटार तीच, सीट तीच, बाजाही त्याच. जुनी गाडी घ्यायला निघणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: यंत्राची तपासणी कुणाकडूनही करून घेता येते, पण ज्याला ती गाडी वापरायची आहे त्याला बरोबर न्या, आणि तो जिथे झोपणार आहे तिथेच झोपवून खराब रस्त्याने फिरवून आणा. आम्ही हे पालच्या घाटात शिकलो.

धुळ्यात पुन्हा तो फाटा आला. दिलीप कोपरावर टेकून उठला.

‘साक्री,’ त्याने वाचलं. मग विचारलं, ‘पिंपळनेरला मार्चमध्ये ऊन फार असतं का गं?’

‘असतं,’ मी म्हटलं. ‘फेब्रुवारीत जाऊ.’

तो परत आडवा झाला आणि फोनवर हिरामणचा नंबर शोधू लागला.