मुनीरचाचांनी ऐकलेली गोळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून मला कधी साधी बिडीसुद्धा लपवता आली नाही.

परवा नातीची रायफल स्पर्धा बघायला गेलो होतो. ती आडवी पडून नेम धरत होती आणि तिच्या शेजारी एक छोटा पडदा होता. गोळी सुटली की त्यावर लगेच ठिपका. कुठे लागली, किती गुण, सगळं तिथल्या तिथे. लक्ष्यापाशी माणूस म्हणून कुणी नाही. नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी हे नव्हतं ना?" मी म्हणालो, "नव्हतं."

खोटं बोललो. होतं. आमच्या नगरमध्ये एका माणसानं ते स्वतःच्या हातांनी बनवलं होतं. बहात्तर साली.

त्याचं नाव हमीद. नगरच्या बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं – दुकान कसलं, खणभर जागा. मी तेव्हा मोजणी खात्यात होतो. पारनेरचा माणूस, नगरला एकटा राहायचो, आणि कचेरी सुटली की पाय आपोआप त्याच्या दुकानाकडे वळायचे. तो डाव्या हातात चहाची बशी धरून उजव्या हातानं तारांना कथिलाचा डाग द्यायचा, आणि दोन्हींतलं काही सांडायचं नाही. गिऱ्हाईक जुना रेडिओ घेऊन आलं की आधी रेडिओवर हात फिरवायचा आणि मग म्हणायचा, "लई बोललाय हो हा. दमलाय." हमीदबद्दल बोलायला मला अजून आवडतं. म्हणूनच कदाचित मूळ गोष्टीकडे यायला मी उशीर करतोय.

आमचा एक रायफल क्लब होता. रविवारी सकाळी गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी तीनशे यार्डांवर सराव चालायचा. लक्ष्याच्या खाली खोल खंदक, आणि त्या खंदकात मार्कर बसायचा. गोळी कागदाला लागली की लांब बांबूच्या टोकाची पत्र्याची चकती त्या भोकावर धरायची आणि आम्हाला दाखवायची, हे त्याचं काम. आमचे मार्कर म्हणजे मुनीरचाचा – हमीदचे वडील. गोळी डोक्यावरून जाते तेव्हा कानाशी चाबूक ओढल्यासारखा आवाज होतो. चाचांनी तो आवाज किती वर्षं ऐकला असेल? कानात कापसाचे बोळे घालायचे, पण तेवढ्यानं काय होणार? ते हळूहळू बहिरे होत चालले होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा बाप – आणि त्याला बातम्या ऐकायला कान थेट रेडिओच्या जाळीला लावावा लागायचा. हमीद ते रोज बघत होता.

शेवटी त्यानं यंत्र बनवलं. चहाच्या खोक्यांतली चंदेरी पन्नी, ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर, पुन्हा पन्नी, असे थर रचून त्यावर लक्ष्याचा कागद चिकटवला. गोळी आरपार जाताना दोन्ही पन्न्या क्षणभर जुळायच्या आणि इकडे आमच्यापाशी ठेवलेल्या पेटीत बत्ती लागायची. मधल्या काळ्या गोलाला लाल, त्याबाहेर पिवळी, त्याबाहेर पांढरी. गोळी लागलीच नाही तर बत्तीही नाही. मिलिटरीच्या भंगारातली टेलिफोनची वायर त्यानं तीनशे यार्ड पसरली. सव्वा वर्ष हे काम चाललं होतं. मी शेजारी बसून पन्नी कापून द्यायचो.

एकदा कापता कापता तो हळूच म्हणाला, "वसंतराव, एकच भ्या वाटतं. एकाच भोकातनं दुसरी गोळी गेली, तर बत्ती लागंल का न्हाई? तसं झालं तर चांगल्या नेमबाजावरच अन्याय व्हायचा."

ही भीती त्यानं फक्त मला सांगितली होती. हे ध्यानात ठेवा.

क्लबचे अध्यक्ष निवृत्त सुभेदार होते. ते म्हणाले, एका रविवारी चाचणी घेऊ. यंत्र पास झालं तर कायमचं लावू, मग खंदकात माणूस नको. त्या दिवशी पुण्याहून दोन पाहुणे येणार होते, राज्याच्या संघासाठी माणसं बघायला. गोळ्या कुणी झाडायच्या? हमीदनं माझं नाव घेतलं. "तुमीच मारा. तुमची गोळी चुकत न्हाई. म्हंजे बत्ती चुकली तर यंत्राचंच चुकलं, असं सरळ कळंल."

क्लबात माझा नेम सगळ्यात चांगला होता हे खरं. आणि ते मला जरा जास्तच माहीत होतं, हेही खरं.

दहा गोळ्या झाडायच्या होत्या. पडताळ्यासाठी चाचा खंदकात बसले होते. पहिली गोळी – लाल. पाठोपाठ तिकडून चाचांची चकतीही काळ्या गोलावर. दुसरी लाल. तिसरी लाल. हमीद पेटीपाशी उकिडवा बसला होता आणि दर बत्तीला लहान मुलासारखा माझ्याकडे बघत होता. सात गोळ्या झाल्या, सातही लाल. मागून पाहुण्यांपैकी कुणीतरी "वा!" म्हणालं.

ती "वा" माझ्या कानात शिरली. आठव्या गोळीला मी श्वास रोखला – आणि चाप ओढायच्या ऐवजी झटकला.

रायफल हातात धरलेली असेल तर तुम्हाला हे माहीत असेल. गोळी सुटतानाच कळतं. नळी वर उचलली गेली होती. गोळी कागदाच्या वरून गेली, हे मला बत्तीच्या आधी कळलं होतं.

बत्ती लागली नाही. तिकडून चाचांची चकतीही वर आली नाही.

हमीदचा चेहरा पडला. सुभेदार पुढे आले. पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. मीच म्हणालो, "आधीच्याच भोकातून गेली. मला जाणवलं."

एवढंच. मला वाटतं, बोलायला जेवढा वेळ लागला तेवढासुद्धा मी विचार केला नव्हता.

उरलेल्या दोन्ही गोळ्या लाल. मग आम्ही सगळे चालत लक्ष्यापाशी गेलो. कागदावर भोकं नऊ. सुभेदारांनी मधल्या जरा मोठ्या भोकावर बोट ठेवलं आणि मान डोलावली. चाचा खंदकातून वर आले, अंगावर माती. त्यांनी हमीदचा दंड धरला आणि बहिरा माणूस बोलतो तसे मोठ्यानं म्हणाले, "वरनं गेली ती. कागद वाजलाच न्हाई. मी ऐकली ना!"

कुणीतरी हसलं. "चाचांनी ऐकली म्हणे!" मग सगळेच हसले. वाईट हेतूनं नाही, चाचा सगळ्यांचे लाडके होते. पण हसले. चाचांना हसणं ऐकू आलं नसावं. तोंडं मात्र दिसली.

आणि हमीद? त्यानं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "अब्बा, वसंतराव सांगतायत ना," तो म्हणाला.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी रायफल पुसत राहिलो.

उत्तम गोळी न मोजणारं यंत्र स्पर्धेत कसं चालणार? सुभेदारांनी हमीदची पाठ थोपटली आणि नको म्हणाले. मला पुण्याचं बोलावणं आलं. हमीदनं दुकानात पेढे वाटले. माझ्यासाठी.

पुढे कित्येक महिने तो ते यंत्र उघडून बसायचा. भोकातून लोखंडी सळई घालून बघायचा. बत्ती लागायची. पुन्हा घालायचा. पुन्हा लागायची. "काय कळंना बुवा," म्हणायचा आणि मला चहा सांगायचा. मी तो चहा प्यायचो. इतकंच नव्हे – त्याच्याबरोबर वाकून दोष शोधायचो. नसलेला दोष. तुम्ही असं कुणाशी वागला आहात का?

मुनीरचाचा आणखी पाच वर्षं खंदकात बसले. मग त्यांना काहीच ऐकू येईना.

त्यानंतरची एक दुपार. हमीद गिऱ्हाइकाकडे गेला होता. चाचा आणि मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, हसले – रागाचा लवलेश नव्हता – आणि म्हणाले, "वसंतराव, ती वरनंच गेल्ती. व्हय ना?"

मी "हो" म्हणालो. पण मान खाली घालून म्हणालो, ओठ दिसू नयेत असं. त्यांना ऐकू येणार नाही हे ठाऊक असताना म्हणालो. त्या "हो"ची मला जास्त लाज वाटते. चाचांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

हमीदशी माझी मैत्री मात्र शेवटपर्यंत राहिली. माझ्या मुलीच्या लग्नात त्यानं भर मांडवात तो किस्सा सांगितला – "आमच्या यंत्रानं वसंतरावांची एक गोळी गिळली!" लोक हसले. मीही हसलो. त्यानं अधिक रंगवून सांगावं म्हणून मध्ये भरही घातली.

चार वर्षांपूर्वी तो आजारी पडला. मी रोज सकाळी जायचो. शेवटच्या आठवड्यात बोलणं अगदी कमी झालं होतं. एका सकाळी त्यानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी हवं असेल. तो म्हणाला, "सळईला लागायची वो. दर वेळंला लागायची. मग तुमच्याच गोळीला का न्हाई लागली?"

घरात आम्ही दोघंच होतो. त्याला ऐकू येत होतं. डोळे माझ्याकडे लागले होते.

मी म्हणालो, "एखादी वायर सैल असेल, हमीद."

त्यानं मान हलवली. "तसंच असंल," म्हणाला आणि डोळे मिटले. दोन दिवसांनी तो गेला.

वायर सैल नव्हती. सगळ्या वायरी त्यानं चाचणीच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर एकेक करून ओढून पाहिल्या होत्या.