सांडगी मिरची आणि हामासाकी-सानचा टेम्पो

मी पुण्याचा आणि बायको गडहिंग्लजची. म्हणजे नकाशात मी वर आणि ती खाली. घरात तो नकाशा उलटा टांगलेला आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

आम्ही आठ वर्षं ओसाकात राहतो. या आठ वर्षांत मी इतका जपानी झालोय की फोनवर बोलतानाही कमरेत वाकतो, आणि ट्रेनमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला तर मीच माफी मागतो. शुभांगी मात्र गडहिंग्लजहून जशी निघाली तशीच्या तशी ओसाकात उतरली. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी ती हसतहसत घासाघीस करते (जपानमध्ये!) आणि तो तिच्या पिशवीत दोन कांदे वरून टाकतो. मी गेलो की तोच माणूस मला दोन्ही हातांनी पावती देतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

शुभांगीला सातवा महिना लागला तेव्हा बाळंतपणासाठी सासूबाई आल्या. तीन महिन्यांचा व्हिसा, तीन बॅगा, त्यातल्या दोन नुसत्या मसाल्यांच्या. मी ठरवलं होतं की त्यांना कसलाही त्रास पडू द्यायचा नाही. सकाळचा चहा मी करायचो. भांडी मी घासायचो. कचरा जळाऊ, प्लास्टिक, काच-डबे असा वेगवेगळा मी करायचो. बाळाला आंघोळ कशी घालायची याचे व्हिडिओ तर मी एका बाहुलीवर सराव करत बघितले होते. सासूबाई सोफ्यावर बसून हे सगळं पाहत होत्या. मला वाटत होतं, बाई जावयावर खूश आहेत.

दोन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "मंदारराव, माझं तिकीट काढा. मी जातो आता." (त्यांच्याकडे बायकाही 'जातो' म्हणतात, आणि म्हणाल्या की जातातच.)

मी हादरलो. काय चुकलं म्हणून विचारलं, तर काहीच चुकलं नव्हतं. इथे करमत नाही, एवढंच त्या म्हणाल्या. जिन्यात कुणी बोलत नाही, कुणी भांडत नाही, दारं बंद, माणसं गप्प. आणि घरात त्यांना काही काम नाही.

शुभांगीने मला स्वयंपाकघरात गाठलं. तिचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र अगदी शांत होता, हे फार वाईट लक्षण आहे. तिने मला सांगितलं की पहिल्या बाळंतपणाला आई जवळ नसेल तर तिला ते झेपणार नाही. "आई इथून गेली ना मंदार, तर तूही तिच्या शेजारच्या सीटवर बसून जा." ती गंमत करत नव्हती.

मग मी सासूबाईंना रमवायच्या मागे लागलो. किल्ला दाखवला. त्या म्हणाल्या, आमच्याकडचा सामानगड बरा. मत्स्यालय दाखवलं. त्यांनी एका मोठ्या माशाकडे बराच वेळ बघून त्याचं कालवण कसं होईल याचा अंदाज सांगितला, आणि आजूबाजूच्यांना मराठी येत नसल्याबद्दल मी देवाचे आभार मानले. तिकिटाचा विषय रोज संध्याकाळी निघतच होता.

आणि एके दिवशी शुभांगीला डोहाळे लागले. तिला दहीभात आणि तळलेली सांडगी मिरची हवी होती. बाजारातली नको, आईच्या हातची.

सासूबाई सोफ्यावरून उठल्या त्या उठल्याच. भाजीवाल्याकडून लांबट हिरव्या मिरच्या आणल्या (एक चावून "ही तर गवारच हाय" असा शेरा मारून), उभ्या चिरल्या, मेथी-धणे-हिंग-मिठाचं सारण ताकात कालवून भरलं. चार ओल्याच तळल्या. घरभर तो वास सुटला आणि शुभांगी दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. राहता राहिला वाळवणाचा प्रश्न. आमची बाल्कनी उत्तरेला. तिथे ऊन आलं होतं ते फक्त जाहिरातीतल्या फोटोत. शिवाय मी सासूबाईंना तासभर समजावून सांगितलं की जपानमध्ये असं कुठेही काही वाळत घालता येत नाही, इमारतीचे नियम असतात, लोक तोंडावर बोलत नाहीत पण मनात ठेवतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी ताट घेऊन खाली जायला लागल्या आणि दुपारी हसतमुखाने वर यायला लागल्या. त्या खुशीत आहेत हे बघून मी काही विचारलं नाही. तिकिटाचा विषयही निघेनासा झाला होता, तो उगाच कशाला उकरा.

आता हामासाकी-सानबद्दल (सान म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'राव') सांगायला हवं. या आमच्या तळमजल्यावरच्या आजी. सत्तरीच्या पुढच्या, काटक, एकट्या राहणाऱ्या. मूळच्या कागोशिमाच्या, म्हणजे जपानच्या मुख्य बेटांच्या नकाशात अगदी तळाला. अख्खी इमारत त्यांना टरकून असते. चुकीच्या दिवशी ठेवलेली कचऱ्याची पिशवी त्या बरोबर ओळखतात, आणि ती पिशवी संध्याकाळी मालकाच्या दारात परत आलेली असते. त्यांचे यजमान माळीकाम करायचे. ते गेल्यावरही त्यांचा छोटा पांढरा टेम्पो हामासाकी-साननी विकला नाही. तो पार्किंगच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात उभा असतो आणि दर रविवारी त्या स्वतः तो धुतात. मी त्या टेम्पोजवळून जातानाही जरा लांबून जात असे.

मे महिन्यातल्या लांबलचक सुट्टीतला पहिला दिवस होता. कचऱ्याची गाडी मात्र सुट्टीतही येते, म्हणून मी सकाळी जळाऊ कचऱ्याची अर्धी भरलेली पिशवी घेऊन खाली उतरलो. आणि मला तो टेम्पो दिसला.

टेम्पोच्या उघड्या हौद्यात सासूबाईंचं जुनं लुगडं अंथरलेलं होतं. लुगड्यावर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सांडग्या मिरच्या! त्यांच्या शेजारी कसल्यातरी पिवळट पट्ट्या पसरलेल्या होत्या, त्या मला पापडाच्या पिठाच्या वाटल्या. वरून कावळ्यांसाठी लावतात तसली निळी जाळीही घातली होती. हामासाकी-सानचा टेम्पो! कैलासवासी हामासाकी-सानचा टेम्पो! त्यावर हिंगाचा वास! आठ वर्षांची माझी अब्रू त्या लुगड्यावर उन्हात पडलेली होती.

तेवढ्यात कोपऱ्यावर कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं. (ओसाकात या गाड्या गाणं वाजवत येतात, म्हणजे माणसाला पळायला वेळ मिळतो.) संकटात माणसाची बुद्धी तल्लख होते म्हणतात, त्यावर माझा आता विश्वास नाही. मी जाळी काढली, लुगड्याची चार टोकं धरली आणि मिरच्या, पट्ट्या, सगळं पिशवीत ओतलं. पिशवी बांधून ठेवली आणि गाडीने ती डोळ्यांदेखत गिळली. लुगड्याची घडी घालून मी जॅकेटच्या आत कोंबली. सासूबाईंना सांगायचं, कावळ्यांनी नेलं. त्यांनाही वाईट वाटणार नाही, मलाही नाही, आणि कावळे काही खुलासा करायला येणार नाहीत.

उरली माफी. माफी मागण्यात माझा हात धरणारा आमच्या ऑफिसात कुणी नाही. स्टेशनजवळच्या दुकानातून चांगल्या मिठाईचा डबा आणला, हामासाकी-सानची बेल वाजवली आणि दार उघडल्याबरोबर नव्वद अंशात वाकलो. त्या स्थितीतच मी सांगितलं की माझ्या सासूबाईंनी अज्ञानापोटी आपल्या टेम्पोवर खाद्यपदार्थ वाळत घातले, ही अक्षम्य चूक आहे, पण आता चिंतेचं कारण नाही. सगळं मी स्वतः कचऱ्यात टाकलेलं आहे.

हामासाकी-साननी हळू आवाजात विचारलं, "पट्ट्यासुद्धा?"

"हो, अर्थातच," मी जमिनीकडे बघत म्हणालो. "एकही शिल्लक ठेवली नाही. आजचा जळाऊचाच दिवस होता." हे शेवटचं वाक्य मी जरा अभिमानाने म्हणालो, कारण त्यांना नियम आवडतात.

त्यांनी डबा घेतला आणि दार लावलं.

वर आलो तर सासूबाई खिडकीतून खाली बघत होत्या. टेम्पो रिकामा कसा, असं त्यांनी विचारलं. मी चेहरा पाडून म्हणालो, काय सांगू आई, कावळ्यांनी सगळं नेलं.

सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि लुगडं बी कावळ्यांनीच नेलं व्हय?"

मी खाली पाहिलं. लुगड्याचा हिरवा काठ माझ्या जॅकेटच्या चेनमधून बोटभर बाहेर लोंबत होता.

मग सगळं बाहेर आलं. मी माझं सांगितलं आणि सासूबाईंनी त्यांचं. त्या ताट घेऊन उन्हाचा तुकडा शोधत पार्किंगमध्ये फिरत होत्या, तेव्हा हामासाकी-साननी त्यांना खिडकीतून पाहिलं. बाहेर येऊन ताटातली एक मिरची उचलून हुंगली. मग हाताला धरून टेम्पोपाशी नेलं आणि हौद्याच्या पत्र्यावर त्यांचा तळवा टेकवून ऊन किती छान लागतं ते दाखवलं. जाळीसुद्धा त्यांनीच आणून घातली होती. आठवडाभर, मी ऑफिसला गेलो आणि घरचं आवरलं की, या दोघी तिथे दोन खुर्च्या टाकून राखण करत बसत होत्या. भाषा एकमेकींची कुणालाच येत नव्हती, तरी सासूबाईंना त्यांचे यजमान कशाने गेले, भाऊ गावाकडे काय करतो, सुनेशी का पटत नाही, सगळं माहीत होतं. मी त्यांच्या डोक्यावर आठ वर्षं राहून मला त्यांचं पहिलं नावही माहीत नव्हतं.

आणि पट्ट्या?

"ते बांबूचं कोंब हुतं," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्या भावानं गावाकडनं पाठवल्यालं. उकडून, चिरून, वाळवून वर्षभर पुरवत्यात त्या. आजऱ्याकडं आपल्यात बी कोंबाची भाजी करत्यात, म्हणून मला वळखीचं वाटलं."

म्हणजे मी त्या बाईंचं वर्षाचं वाळवण कचऱ्यात घालून, वर त्यांना मिठाई देऊन, तसं वाकून सांगूनही आलो होतो. शुभांगी एका हाताने पोट धरून खुर्चीत बसली. सासूबाई आतल्या खोलीत गेल्या आणि बॅग ओढल्याचा आवाज आला. मला मनातल्या मनात विमानात त्यांच्या शेजारची सीट दिसायला लागली.

एवढ्यात बेल वाजली. दारात हामासाकी-सान, हातात माझाच मिठाईचा डबा. मी पुन्हा वाकलो, पण मला ओलांडून त्या सरळ आत गेल्या. आतल्या खोलीतून दोघींचे आवाज येऊ लागले. एक कागोशिमाची बोली, एक गडहिंग्लजची. मी जपानी भाषेची सर्वांत वरची परीक्षा पास झालेला माणूस, मला त्यातलं अक्षर कळेना. पहिल्यांदा आवाज चढले. आणि मग दोघी हसायला लागल्या. अशा हसल्या की शेवटी खोकला लागला आणि शुभांगीला पाणी न्यावं लागलं. शुभांगीही तिकडेच रमली आणि हसायला लागली. डबा उघडून तिघींनी मिठाई खाल्ली. मला एकही मिळाली नाही, आणि मागायची माझी छाती नव्हती.

निकाल शुभांगीने बाहेर येऊन सांगितला. हामासाकी-साननी भावाला फोन केला होता, कोंबांची शेवटची तोड अजून बाकी होती, ते कुरियरने येणार होते. सोलायचे मी. तांदळाच्या कोंड्याच्या पाण्यात उकडायचे मी. मिरच्याही मीच चिरायच्या आणि भरायच्या. आणि उरलेल्या सुट्टीत टेम्पोपाशी बसून राखणही मीच करायची.

मी केलं. बांबूचा कोंब सोलायला बसलं की नुसती सालंच निघत जातात आणि हातात करंगळीएवढं काहीतरी उरतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मिरच्या भरताना हात डोळ्याला लागला. नंतर नाकालाही लागला. या मिरच्या गवारीसारख्या आहेत असं सासूबाई म्हणाल्या होत्या, ते गडहिंग्लजच्या मापाने! दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी, हातात काठी घेऊन मी टेम्पोच्या हौद्यात बसलो. इमारतीतले सगळे शेजारी एकेक करून तिथून गेले आणि मी बसल्या बसल्या प्रत्येकाला वाकून नमस्कार केला. आठ वर्षांत जे कधी बोलले नव्हते ते थांबून चौकशी करू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तर जरा लक्ष ठेवा म्हणून त्यांच्या उशाही तिथे उन्हात ठेवून गेल्या.

दोघी दक्षिणवाल्या समोर खुर्च्या टाकून चहा पीत देखरेख करत होत्या. शुभांगी मधे बसली होती, मांडीवर दहीभाताची वाटी. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी महिन्याभरात पाहिलं नव्हतं. ते पाहून मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. मग धीर करून मी वरूनच सासूबाईंना तिकिटाचं विचारलं.

"आता कसलं तिकीट," त्या म्हणाल्या. "तुमी सगळं एकटं करशिला असं वाटलं हुतं मला. चहा काय, भांडी काय, भावलीची आंघोळ काय. म्हटलं, माझं हितं काय काम? म्हणून निघालो हुतो. आता मन निश्चिंत झालं बगा. मी व्हिसा संपंस्तवर राहतो."

हामासाकी-साननी काय झालं म्हणून खुणेने विचारलं. सासूबाईंनी आधी शुभांगीच्या पोटाकडे बोट केलं, मग टेम्पोत बसलेल्या माझ्याकडे केलं, बाळ जोजवल्यासारखे हात हलवले आणि दोन बोटं वर करून दाखवली. हामासाकी-साननी माझ्याकडे पाहून गंभीरपणे मान हलवली. त्या दोघींच्या आठवड्याभराच्या संभाषणातलं एवढं एकच वाक्य मला दुभाष्याशिवाय कळलं.