ओल्या कचऱ्याची चिठ्ठी

कचऱ्यातलं आमच्या घरात मला एकट्यालाच कळतं. हे मत आधी माझं होतं. मग देवपुरातल्या आमच्या कॉलनीनंही त्याला मान्यता दिली. समितीच्या अध्यक्षांनी हार घालून, चाळीस मिनिटं भाषण करून मला ‘कचरा-मित्र’ नेमलं. (भाषणातला ओला भाग कुठला, सुका कुठला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण पद नवीन होतं, टाळ्या वाजवल्या.)

पद मिळालं की माणूस चिठ्ठ्या चिकटवत सुटतो. मी हिरव्या बादलीवर ‘ओला कचरा’, निळीवर ‘सुका कचरा’ अशा चिठ्ठ्या लावल्या. उरलेल्या खिशात ठेवल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी मागच्या ओट्यावर एक भलंमोठं पातेलं दिसलं. झाकण उचललं आणि दोन पावलं मागे आलो! आत पाण्यात आंबलेली ज्वारी. तीन दिवसांची तरी असावी.

“काय हा निष्काळजीपणा!” असं स्वतःशीच म्हणत मी पातेल्यावर ‘ओला कचरा’ची चिठ्ठी लावली, ते फाटकाबाहेर नेऊन ठेवलं आणि आंघोळीला गेलो. परत आलो तोवर घंटागाडी येऊन गेली होती. फाटकापाशी पातेलं नव्हतं. फार समाधान वाटलं.

ते चार मिनिटं टिकलं.

“भाऊ, माझी ज्वारी कुठं गेली रे?” मागच्या दारातून अक्का ओरडली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. यावलहून स्वतःच्या शेतातली ज्वारी घेऊन आली होती. ती आंबवून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे आणि ते आमच्या लेकीच्या रुखवतात मांडायचे, असा तिचा बेत. लग्न पंधरा दिवसांवर! (बिबडे मी पन्नास वर्षं खातोय. ते वाळलेलेच जन्माला येतात अशी माझी समजूत होती.)

“अक्का, त्याला वास येत होता गं...”

“येणारच! बिबड्यांची ज्वारी काय अत्तरात भिजवू?”

बायको शांतपणे म्हणाली, “कचरा-मित्र, गाडी पुढच्या गल्लीत असेल. पळा!”

मी पळालो. बनियन उलटं, पायात एक चप्पल माझी, एक बायकोची. तिसऱ्या गल्लीत गाडी गाठली. ड्रायव्हर म्हणाला, “देखा साहेब, बठ्ठा तुमनाच कॉलनीना माल शे!”

सगळा माल आमच्याच कॉलनीचा! कचऱ्यात कोपरापर्यंत हात घातले. भरताच्या वांग्यांची जळकी सालं, केळीची सालं, शिळं वरण... आणि प्लास्टिकच्या फोल्डरसकट अध्यक्षांचं भाषण! ओल्या कचऱ्यात! ज्वारीचा मात्र दाणा नाही. आता अक्काला तोंड कसं दाखवायचं?

तेवढ्यात गाडीवरच्या सुमनबाई शेजारच्या फाटकातून बादली घेऊन आल्या.

“भाऊ, काय धुंडी ऱ्हायनात?”

“पातेलं! ज्वारीचं!”

“ती? ती तं बिबडास्नी जवारी शे! वासवरच समजनं. तुमनी तुळशीजोडे ठेवी दिधी मी.”

म्हणजे पातेलं घरीच, तुळशीपाशी! मी गाडीच्या पायरीवरच बसलो. हसू आवरेना.

घरी आलो तर अक्का तुळशीपाशी पातेल्यात हात घालून ज्वारी चोळत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खांद्यावर केळीचं साल, बनियनवर वरण. मग ती उठली, पातेल्यावरची चिठ्ठी अलगद सोडवली आणि माझ्या छातीवर चिकटवली.

“आता लागली बरोबर जागी!”

कचरा-मित्र म्हणून माझ्या कारकिर्दीतलं हे पहिलं बिनचूक विलगीकरण. तेही मी केलेलं नव्हतं!