सव्वीस जानेवारीचं वाचन

नव्वदच्या दशकात मी बनारसच्या छावणीजवळ एका मुलींच्या शाळेत शिकवत होते. घर शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. शाळेत जवानांच्या मुली पुष्कळ होत्या. बापाची बदली झाली की शाळा बदलायची. त्यांतलीच एक पाचवीत अधेमधे आली. साताऱ्याकडची, बाप हवालदार. आधी पंजाबात, त्याआधी आसामात शिकलेली. बोलायला सगळंच थोडंथोडं येई, वाचायला काहीच धड नाही.

हिंदी शिकवणाऱ्या बहनजी तिला रोज उभं करीत. ती अक्षराला अक्षर जुळवत वाचे आणि अख्खा वर्ग मुद्दाम अडखळत तिच्यामागून म्हणे. "मराठन की जीभ मोटी है," म्हणून बहनजीही हसत.

त्यातच बापाची रवानगी काश्मीरला झाली. मायलेकी इथल्याच क्वार्टरमध्ये राहिल्या. मग मुलींना नवा खेळ सापडला. ती वर्गात शिरली की कुणीतरी विचारी, "आज पापा ज़िंदा हैं?" ती मान डोलावी. मग टाळ्या. मी रागावले, तर दुसऱ्या दिवसापासून हेच फाटकाबाहेर सुरू झालं.

शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं, त्यालाच वाचनालय म्हणत. मधल्या सुट्टीत मी तिला तिथे बोलावू लागले. घरून मराठी गोष्टींची पुस्तकं नेली. लिपी तीच, पण शब्द तिच्या आईच्या तोंडचे. एके दिवशी ती ओरडलीच, "बाई, ह्यात भाकरी लिहिलीय!" पुस्तकात भाकरी असू शकते हे तिच्या गावीच नव्हतं.

मराठीवरून ती हिंदीकडे वळली. दिवाळीपर्यंत छावणीतल्या लहान मुलींना गोळा करून गोष्टी वाचून दाखवू लागली. त्यांचेही बाप लांबच होते. एका हरवलेल्या अस्वलाची गोष्ट त्या पुन्हापुन्हा मागत. तिचा आवाज मोठा आणि स्वच्छ होता, हे तेव्हा आम्हा सगळ्यांना कळलं.

थंडी पडायला लागली तेव्हा तिचा बाप तिकडे मारला गेला. मायलेकी गावी जाऊन, दिवस उरकून परत आल्या. क्वार्टर रिकामं करायचं होतं आणि तोवर शाळा बुडू नये, असं आईचं म्हणणं. ती वर्गात आली तेव्हा कुणी तो प्रश्न विचारला नाही. मग मागच्या बाकावरून एक हळूच म्हणाली, "अब पूछना नहीं पड़ेगा." दोघीतिघी हसल्या.

सव्वीस जानेवारीला पाहुणे येणार होते. आमच्या मुख्याध्यापिका, बडी बहनजी, यांनी शहीद बापाच्या मुलीच्या तोंडचं भाषण स्वतः लिहिलं आणि ते वाचायला तिची निवड केली.

"बच्ची है, रहने दीजिए," मी म्हटलं.

"इतना अच्छा पढ़ना आप ही ने तो सिखाया है," त्या म्हणाल्या. "अब लोग भी देखें."

त्या दिवशी तिची आई पुढच्या खुर्चीवर होती. हिंदी तिला जेमतेम कळायची. मुलीने सगळं भाषण एका दमात वाचलं. 'मुझे गर्व है. मैं नहीं रोई.' एकदाही अडखळली नाही. टाळ्या झाल्या. तेवढ्यात फोटोवाला स्कूटरवरून पोचला.

"बेटा, एक बार और," बडी बहनजी म्हणाल्या. "'मुझे गर्व है' से."

तिने कागद पुन्हा उचलला. "मुझे गर्व है. मैं नहीं रोई."

"चेहरा ऊपर, ज़रा उदास," फोटोवाला म्हणाला. "फिर से."

ती फिरून वाचू लागली. मी मंचावर गेले आणि तिच्या हातातला कागद काढून घेतला. बडी बहनजींनी हसऱ्या चेहऱ्यानेच माझं मनगट आवळलं. "नीचे जाइए. तमाशा मत कीजिए."

तोवर तिची आई उठली होती. पदर खोचून वर चढली, मुलीचा दंड धरला आणि मराठीत खणखणीत म्हणाली, "चल. लई झालं ह्यांचं." पाहुण्यांच्या समोरून दोघी निघून गेल्या. खाली लाडू वाटायला सुरुवातही झाली होती. संध्याकाळी कपाटाची किल्ली माझ्याकडून काढून घेण्यात आली.

त्या निघायच्या आदल्या दिवशी मी क्वार्टरवर गेले. ट्रंका बांधून झाल्या होत्या. मी माझी पुस्तकं तिच्यापुढे धरली. "ने, गावाकडे वाचशील."

तिने ती घेतली आणि दाराबाहेर पायरीवर नीट रचून ठेवली.

"नको, बाई. मी अडखळत होते तेच बरं होतं. मला कुणी पुढं केलं नसतं."

आईने स्टोव्ह पेटवला, उरलेल्या दोन कपांपैकी एकात मला चहा दिला.

"गावच्या मास्तरांना सांगणार हाय," आई म्हणाली, "हिला येत न्हाई वाचाया. मागं बसवा."