उजव्या बाजूची चेन

गुब्बीचा उजवा हात. गेले चार आठवडे तो तिच्या आईच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. बोलता बोलता तो हात बरगड्यांखाली जायचा, चार बोटं तिथे रोवून थांबायचा, आणि आईचं लक्ष गेलं की चोरी पकडल्यासारखा खाली यायचा.

आई शिवणकाम करायची. कोपऱ्यावरचं खोलीएवढं दुकान, दोन मशिनं, एक आरसा, एक पडदा. ही बाई माणसाचं तोंड विसरेल पण माप विसरणार नाही, असं लोक म्हणायचे. मुलीचं माप तर तिला झोपेतही पाठ. जन्मली तेव्हापासून गुबगुबीत, म्हणून बापाने गुब्बी म्हटलं. बाप गेला, नाव राहिलं. पुढे गुब्बी नकाशे काढणाऱ्या कचेरीत लागली, जवळच खोली घेऊन राहू लागली. कचेरीत सगळ्यांना हसवायची. स्वतःच्या अंगावरचे विनोद आधी स्वतःच करायची. "दुसऱ्याने टोमणा मारण्याआधी आपणच मारून घ्यावा, कमी लागतो," म्हणायची.

मग एक दिवस कचेरीतली ती लिफ्ट. आत सात जण, ही आठवी. पाय ठेवला आणि लिफ्ट किंचाळायला लागली. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. गुब्बी बाहेर आली, सहा मजले चढून गेली, आणि त्या दिवशी तिला एकही विनोद सुचला नाही.

पुढच्याच महिन्यात तिने डॉक्टर गाठले. आठवड्यातून एकदा पोटावर टोचून घ्यायची सुई सुरू झाली. भूक मेली. दोन घास खाल्ले तरी पोट भरायचं. वजन इतकं भराभर उतरायला लागलं की दर रविवारी ती कपड्यांची पिशवी घेऊन दुकानात यायची आणि आई कपडे आत घ्यायची. अर्धा इंच, मग एक, मग दीड. आणि आई खूश होती! हे तिला आता आठवायलाही नको वाटायचं. गिऱ्हाइकांना मापांच्या वहीतलं गुब्बीचं पान उघडून दाखवायची. "टेप खोटं बोलत नाही हो," म्हणायची.

शेजारचा इस्त्रीवाला तर रोज छेडायचा. "ताई, पोरगी आहे की वेलांटी? वारा सुटला की धरून ठेवा, नाहीतर माझ्या दोरीवर येऊन अडकेल."

"तुम्ही तुमचे कपडे जाळा, आमच्या पोरीला नजर लावू नका," आई हसून म्हणायची.

चार आठवड्यांपूर्वी पडद्याआडून गुब्बीचा आवाज आला, "आई, ही चेन टोचते गं."

"कुठे?"

"इथे. उजवीकडे, बरगडीखाली."

गुब्बी डावरी, म्हणून आई तिच्या ड्रेसना चेन उजव्या बाजूला लावत आली होती. तिने लगेच चारही ड्रेस उसवले आणि चेन डावीकडे घेतली. पुढच्या रविवारी गुब्बी म्हणाली, अजून टोचतंय, जेवल्यावर जास्त. आईने आतून मऊ अस्तर लावलं. मग दुखणं पाठीत सरकलं, उजव्या खांद्याच्या पात्याखाली. आईने खांदा सैल केला. पोरीचं अंगच दुखत असेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही. तिचा सगळा जन्म लोकांची तक्रार ऐकून कपड्यातली चूक शोधण्यात गेला होता.

चूक दाखवली ती इस्त्रीवाल्याने. एका दुपारी तो निखाऱ्यांची इस्त्री बाजूला ठेवून म्हणाला, "ताई, हसण्यावारी नेऊ नका. पोरगी तिथेच हात धरते, जिथे माझी बायको धरायची. आम्ही पित्त, पित्त म्हणत महिना काढला. निघाले पित्ताशयात खडे. एक नळीत अडकला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस घालवले असते तर..." त्याने इस्त्री पुन्हा उचलली.

त्या रविवारी आईने गुब्बीला समोर बसवलं. "तुझ्या डॉक्टरांनी खड्यांचं काही सांगितलं होतं का?"

गुब्बीने नखाने टेबलावरचा खडू खरवडला. मग पर्समधून घडी घातलेला कागद काढला. औषध सुरू करतानाच दिलेला. भराभर वजन उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात. उजवीकडे पोटात सारखं दुखलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर थांबू नका, कळवा. खाली तातडीचा नंबर.

"आणि तू कळवलं नाहीस?"

"कळवलं की सुई बंद करतील. सहा किलो राहिलेत, आई. फक्त सहा! एवढे होऊ देत, मग मी स्वतः जाईन."

"अगं, पण..."

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. तू फोन करायचा नाहीस."

आणि आईने मान हलवली. लिफ्टच्या त्या दिवशी संध्याकाळी पोरीचं तोंड तिने पाहिलं होतं, म्हणून हलवली. तो आठवडा तिने कसा काढला, तिचं तिला माहीत. दोनदा बाही उलटी जोडली.

आज गुब्बी आली ती पांढरा शर्ट घेऊन. "कॉलरची शिवण उसवलीये," एवढंच बोलली आणि शर्ट अंगात घालून उभी राहिली. दात वाजत होते. पंखा बंद कर म्हणाली. पंखा बंदच होता.

दुकानातल्या ट्यूबलाइटवर रंग फसवतो, म्हणून दोरा जुळवायचा तर आई गिऱ्हाइकाला दारात उजेडात उभं करायची. तसंच तिने गुब्बीला उभं केलं. पांढरी रीळ कॉलरला लावली. जुळली. मग आईची नजर वर गेली.

रीळ पांढरी होती. कॉलर पांढरी होती. गुब्बीच्या डोळ्यांतलं पांढरं मात्र त्यांच्याशी जुळत नव्हतं. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या अस्तराला चढतो, तसा रंग तिथे चढला होता.

"लघवी कशी होतेय गं?"

"आई, काय दारात विचारतेस!"

"सांग."

"काळ्या चहासारखी. पाणी कमी पडत असेल."

आईने तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा लगेच काढला. बाक ओढून तिला टेकवून बसवलं. मग तिची पर्स उघडून घडीचा तो कागद काढला.

"आई, नाही. तू शपथ घेतलीयेस. माझ्या गळ्याची."

"घेतलीये," आई म्हणाली. "पण आधी गळा राहायला हवा ना, बाळा."

"मी पुन्हा या दुकानात पाऊल ठेवणार नाही."

"नको ठेवूस. दुसऱ्या शिंप्याकडे जा, जन्मभर जा. पण जा."

गुब्बीला कळ आली आणि तिने बाकाची कड घट्ट धरली. आईने दारातूनच इस्त्रीवाल्याला हाक मारली, गाडी बघा म्हणाली. मग गळ्यातला टेप काढून मशिनवर टाकला, कागद उजेडात धरला आणि फोनवर एकेक आकडा दाबायला सुरुवात केली.