जाताना वीस, येताना पंचवीस

माझ्या आत्याचं जिन्याखालच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान होतं. गणिताशी तिचं शाळेपासूनच वाकडं.

एकदा शेजारचे सुतारकाका आरामखुर्चीच्या हाताचा आकार काढलेला कागद घेऊन आले. खुर्चीचे दोन्ही हात वाळवीनं खाल्ले होते आणि मूळ आकृती ओल लागून गेली होती. उरली होती ती आत्यानंच पूर्वी काढून दिलेली वीस टक्के लहान प्रत.

"वीस टक्के कमी केलं होतं ना? मग वीस टक्के वाढवून देते," आत्या म्हणाली.

थोड्या वेळानं काका खुर्चीच उचलून परत आले. "ताई, खुंट्या जुळत नाहीयेत."

खुर्चीवर हात बसवायच्या दोन खुंट्यांमध्ये पंचवीस सेंटीमीटर अंतर होतं, कागदावर आखलेल्या भोकांमध्ये चोवीस. आत्यानं मशीनची काच पुसली, पुन्हा प्रत काढली. पुन्हा चोवीस. मग तिनं त्या लहान प्रतीवर पट्टी ठेवली. वीस.

"पंचविसातले पाच गेले," ती सावकाश म्हणाली. "पाचवा भाग. म्हणजे वीस टक्के, बरोबर."

"मग पाचच परत आणायचेत की."

"हो, पण आता ते विसावर वाढवायचेत. विसाचा चौथा भाग पाच." ती थांबली. "काका, तेच पाच. जाताना वीस टक्के, येताना पंचवीस."

तिनं मशीनवर एकशे पंचवीस टाकले. कोमट कागद काकांनी खुर्चीवर धरला. दोन्ही भोकं खुंट्यांवर अलगद बसली. काका कागदावरून नुसता हात फिरवत राहिले.

काका खुर्चीचे नवे हात करायला गेले, पण आत्याला चैन पडेना. संध्याकाळी ती कागदांचा गठ्ठा घेऊन आमच्याकडे आली आणि स्वयंपाकघरातच फतकल मारून बसली. दुपारभर तिनं मशीनवर करून पाहिलं होतं. निम्मं केलेलं चित्र मूळ मापावर आणायला शंभर टक्के वाढवावं लागलं होतं. पंचाहत्तर टक्के लहान केलेल्याला तर तीनशे.

"वहिनी, हे कुणी ठरवलेलं नाही गं," ती हळू आवाजात म्हणाली. "आपण नव्हतो तेव्हाही हे असंच होतं."

आईनं गॅस बंद केला आणि तिच्याशेजारी टेकली. "आणि नव्वद टक्के लहान केलं तर?"

आत्या बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

"नऊशे," ती म्हणाली, आणि दोघी त्या कागदांकडे बघत बसल्या.