मराठी माणसांसाठी खास दर

तंजावूरच्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं मार्केटिंग शिकवलं. किंमत कशी ठरवावी यावर फळाभर आकृत्या काढल्या, पण त्या सव्वीस वर्षांत स्वतः एक टाचणीही कुणाला विकली नव्हती. त्यामुळे निवृत्त झाल्यावर, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या प्रवाशांना द्यायचं ठरलं, तेव्हा मला नको तितका उत्साह आला.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "खोल्या सारख्या, दर सारखा. सतराशे. संपलं."

"असं नसतं," मी म्हणाले. "रिकामी गेलेली रात्र म्हणजे शिळी इडली. दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. आडवारी कमी घ्यायचे, सुट्टीला जास्त घ्यायचे."

"आणि त्यांनी एकमेकांना पुसलं तर?"

आमच्या तंजावुरी मराठीत माणसं विचारत नाहीत, पुसतात.

"सुट्टीवर आलेली माणसं देवळं बघतात. एकमेकांची भाडी कोण पुसत बसतंय?" मी म्हणाले.

पहिले आले मदुराईचे एक निवृत्त शाळामास्तर. सोमवारी, एकटे, पाच दिवसांसाठी. सोळाशे सांगितले. त्यांनी मान हलवली, वहाणा बाहेर काढल्या आणि वर गेले. मला थोडं वाईटच वाटलं. एवढी तयारी केलेली आणि समोरच्यानं प्रश्नच विचारला नाही.

शुक्रवारी जोडून सुट्ट्या लागल्या आणि दुपारी पुण्याचं एक जोडपं दारात उभं राहिलं. बाई पन्नाशीच्या, चटपटीत. पुण्यात त्यांचं साड्यांचं दुकान होतं. नवरा त्यांच्या मागे दोन बॅगा धरून गप्प उभा.

"अय्या, तुम्ही मराठी?" बाई ओरडल्याच.

"तीनशे वर्षं झाली," मी म्हणाले. "बसा हो. काय ते मोकळेपणी पुसा."

बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि खुर्ची पुसून घेतली.

मी बावीसशे सांगितले. एकोणीसशेला द्यायची, हे मनात आधीच ठरवलेलं. वर्गात मी सांगायची, पहिला आकडा खुंट्यासारखा असतो, गिऱ्हाईक मग त्या खुंट्याभोवतीच फिरतं. बाई छान फिरल्या. बावीसशे म्हणजे फार झाले, ताई. मराठी माणसानं मराठी माणसाला असं सांगायचं? इतक्या लांब येऊन आपली भाषा कानावर पडली तर डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आणि तुम्ही बावीसशे म्हणता! वीस मिनिटं हे चाललं. शेवटी मी सुस्कारा सोडला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमच्यासाठी म्हणून एकोणीसशे. बाहेर कुणाला सांगू नका."

बाई विजयी मुद्रेनं माडी चढल्या. हे आतून सगळं ऐकत होते. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "नाटकात जायचं होतंस तू."

शनिवारी सकाळी दोन्ही खोल्यांतले पाहुणे खाली एकाच टेबलावर नाश्त्याला बसले. मास्तरांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते स्वतःही मोठ्यानं बोलायचे. मी इडल्या वाढत होते. बाई त्यांना इंग्रजीत राजवाड्याचं, वीणेच्या दुकानांचं सांगत होत्या. बोलता बोलता त्यांना राहवलं नाही.

"तशी मी घासाघीस करण्यात पटाईत आहे," त्या म्हणाल्या. "यांनी बावीसशे सांगितले होते. मी एकोणीसशेवर आणले."

"काय?" मास्तरांनी कानाला हात लावला.

"एकोणीसशे!"

"असं का," मास्तर गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मी सोळाशे देतो."

सांबाराचा डाव माझ्या हातात तसाच राहिला. स्वयंपाकघराच्या दारात हे काफी घेऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"ताई?" बाई म्हणाल्या.

मी व्याख्यान सुरू केलं. सोमवार वेगळा, शुक्रवार वेगळा. पाच दिवस राहणारा वेगळा, दोन दिवस राहणारा वेगळा. रिकामी रात्र, शिळी इडली. वर्गात हे सगळ्यांना पटायचं. आता कळलं की तिथे कुणाच्या खिशातून काही जात नव्हतं. बोलता बोलता माझे कान तापले. चोरी केली नव्हती, पण छातीवर हात ठेवून सोडलेला तो सुस्कारा मला आठवला.

"आणि ते मराठी म्हणून तीनशे कमी केलेत, ते काय होतं?" बाईंनी विचारलं.

उत्तर ह्यांनी दिलं. "आधी तीनशे चढवले होते हो. म्हणून उतरवता आले."

मग इतका वेळ गप्प असलेले बाईंचे यजमान हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसकाच लागला. "अगं, दिवाळीच्या सेलला आपण दुसरं काय करतो?" ते बायकोला म्हणाले. "आधी किमतीची चिठ्ठी बदलायची, मग तीस टक्के सूट!"

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाणी प्यायला लागले. पण मग त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तुम्हीही सोळाशेच द्या."

"ठीक," बाई म्हणाल्या. त्यांनी घोटभर काफी घेतली, पेला खाली ठेवला. "सोळाशे. आता त्यातून मराठीचे कमी करा."

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी उदारपणे शंभर कमी करून टाकले. मास्तरांना काय झालं ते कळेना, तेव्हा बाईंच्या नवऱ्यानं त्यांच्या कानाशी जाऊन समजावून सांगितलं. मास्तरांनी लक्षपूर्वक ऐकलं, ताठ बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "या! बसा! जेवा!" तेवढं मराठी त्यांना येत होतं. त्यांचेही शंभर गेले.

रविवारी जाताना बाईंनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही पुण्याला या. तुमच्या अंगात दुकान आहे." त्यांनी मला एक साडी द्यायचं कबूल केलं, सवलतीत. मूळ किंमत काय हे पुसायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी ह्यांनी रंगाऱ्याकडून पाटी करून आणली. तमिळ आणि इंग्रजीत. खोली सतराशे, काफी आणि नाश्ता त्यातच, सगळ्यांना सारखं. खाली मराठीत एक ओळ मी स्वतः लिहिली. देवनागरी मी उशिरा शिकले, त्यामुळे 'सतराशे'तला 'श' जरा बसका झाला आहे.

पाटीमुळे काम सोपं झालं. लोक वाचतात आणि वर जातात, नाहीतर वाचतात आणि निघून जातात. मार्केटिंगच्या दृष्टीनं तक्रार करण्यासारखं काही नाही. परवा मात्र नागपूरचं एक कुटुंब आलं. आजीबाईंनी हळूच विचारलं, "काही कमी होईल का हो?" मी पाटीकडे बोट दाखवलं. त्या लगेच "बरं" म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी त्यांना हाक मारून परत बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हटलं, "अहो, निदान महाग आहे असं तरी म्हणा."